सध्याचा पत्ता : खंबाटकी घाट

हमरस्त्यावर एखाद्या ट्रकच्या मागे अर्धा तास अडकलात, की त्या ट्रकच्या मालकाची कुंडली आपोआप हाती येते. फाळक्यावर पोरांची नावं असतात, तीही थोरल्या-धाकट्याच्या क्रमाने. वर कुलदैवत, खाली गाव, तालुका, जिल्हा. आई-वडिलांचा आशीर्वाद. दोन मोबाईल नंबर. काही गाड्यांवर कर्ज कोणत्या फायनान्सचं आहे तेही रंगवलेलं असतं. म्हणजे जी गोष्ट मालकाने सख्ख्या भावापासून लपवली, ती तो कोल्हापूरपासून कोलकात्यापर्यंत मिरवत नेतो. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने गाड्यांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. तो आदेश हॉर्नपुरता होता, त्यामुळे घरगुती मजकुराला धक्का लागला नाही.

एवढ्या मजकुरात एकाच माणसाचं नाव कुठे नसतं, ते म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं. ट्रक ड्रायव्हरची गोपनीयता म्हणतात ती आपल्याकडे आजवर एवढीच होती. तीही कुणी मुद्दाम दिलेली नव्हती. रंगाऱ्याचे पैसे मालक देतो, म्हणून ती शिल्लक राहिली होती. आता तीसुद्धा चालली आहे.

पूर्वी ड्रायव्हर ठेवताना सगळी चौकशी तोंडी व्हायची. अजूनही बऱ्याच ठिकाणी तशीच होते. कळंबोलीचा लोखंड बाजार घ्या नाहीतर वाशीचं ट्रक टर्मिनल, ऑफिस एकाच नमुन्याचं : टेबल, बिल्टीबुकांची (मालाच्या पावतीपुस्तकांची) चळत, तिरुपतीचा फोटो आणि फोटोहून मोठं टायर कंपनीचं कॅलेंडर. शेठ मान वर न करता विचारणार,

“गाव कोणतं?”

“जत.”

“जतचा एक होता आमच्याकडं. भरली गाडी घेऊन मेव्हणीच्या लग्नाला गेला. तुझा कोण लागतो?”

“कोणी नाही, शेठ.”

“नक्की?”

“जत लई मोठं आहे, शेठ.”

“बरं. पितोस?”

या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं : “घरी गेल्यावर, कधीमधी.” ‘रोज’ म्हणणाऱ्याला शेठ ठेवत नाही, कारण तो खरं बोलतो. ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यालाही ठेवत नाही, कारण तो खोटं बोलतो.

मग आधीच्या मालकाला फोन. हा संवाद ऐकायला सोपा आणि समजायला फार अवघड. आधीचा मालक म्हणाला, “हिरा आहे हो हिरा, डोळे मिटून ठेवा,” तर समजावं की त्याला हा हिरा गळ्यातून काढायचा आहे. तो म्हणाला, “एक नंबरचा चोर, दारात उभा करू नका,” तर समजावं की माणूस कामाचा आहे आणि संध्याकाळपर्यंत परत येईल अशी त्याला आशा आहे. फोन ठेवल्यावर शेठ ऐकलेल्याच्या बरोबर उलटा निर्णय घेतात आणि तो सहसा बरोबर निघतो. शेवटी खरी परीक्षा : “ती दहाचाकी त्या बोळातून मागं काढून दाखव.” भिंतीला न लागता गाडी बाहेर आली की उस्ताद कामावर.

ही पद्धत चांगली होती असं माझं म्हणणं नाही. ‘गाव कोणतं’ या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असायचा, आणि त्याचं उत्तर आडनाव ऐकल्यावर मिळायचं. कितीतरी चांगले ड्रायव्हर गाडी मागे काढायच्या आधीच मागे फिरले. पण या तोंडी चौकशीत एक सोय होती. ती हवेत विरून जायची. एकाबद्दल काय ऐकलं ते शेठ दुसऱ्याबद्दल ऐकता ऐकता विसरून जायचे. दोन दुकानं पलीकडे गेलं की माणूस पुन्हा कोरा.

आता चौकशी कागदावर आली आहे, म्हणजे खरं तर मोबाईलवर. मोठ्या कंपन्यांचा माल उचलायचा तर ट्रान्सपोर्टवाल्याला ड्रायव्हरचं ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’ करून द्यावं लागतं. हा शब्द शेठ लोकांनी ‘बीजीव्ही’ असा आटोपशीर केला आहे, आणि ड्रायव्हर मंडळी ‘बीजीवी झाली का?’ असं एखादी लस टोचून घेतल्यासारखं विचारतात. फॉर्म इंग्रजीत असतो आणि तो करणाऱ्याने आयुष्यात फक्त संगणक अभियंते पाहिलेले असावेत. पहिला रकाना : कायमचा पत्ता. ठीक. दुसरा : सध्याचा पत्ता. इथे उस्ताद अडतो. सध्याचा म्हणजे आत्ताचा का? आत्ता तर ऑफिसात. रात्री खंबाटकी घाटात. परवा, देवाने दया केली तर, हुबळी. भरणारा पोरगा वैतागून म्हणतो, “झोपतोस कुठं ते सांग.” उस्ताद गाडीचा नंबर सांगतो.

पुढे : मागच्या नोकरीचं राजीनामापत्र. ट्रकच्या धंद्यात राजीनामा देण्याची रीत अशी, की गाडी नेहमीच्या पेट्रोल पंपावर लावायची, चावी पंपावरच्या मॅनेजरकडे द्यायची, शेठला एकदा फोन करायचा आणि मग आठ दिवस त्याचा फोन उचलायचा नाही. याची प्रत जोडायची कशी? पगाराची स्लिप मागतात. पगार, भत्ता, खेपेमागची वरकड आणि आधी घेतलेली उचल यांचा हिशेब शेठच्या लाल वहीत असतो, आणि त्या वहीची स्लिप निघत नाही. ‘नोकरीत खंड पडला असल्यास कारण’ या रकान्यात निवडायला पर्याय दिलेले : उच्च शिक्षण, आजारपण, मातृत्व, इतर. उस्तादांचे खंड म्हणजे पेरणी, बहिणीचं लग्न, आषाढीची वारी, आणि एकदा नुसताच कंटाळा. सगळं ‘इतर’मध्ये. शिक्षणाच्या रकान्यात मात्र त्याला चिंता नाही. व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी आठवी पास असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ मध्येच काढून टाकली. फॉर्मला अजून ते कळलेलं नाही. तो पदवीचं वर्ष विचारतो.

‘ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती’ म्हणून उस्तादाने एक धाबेवाला आणि एक पंक्चरवाला दिला. कंपनीने दोघांना नापसंत केलं. वास्तविक माणसाला पहाटे तीन वाजता, भुकेला आणि टायर फुटलेल्या अवस्थेत ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्याइतकी खात्रीची साक्ष कोण देणार? पण कंपनीला डॉक्टर, वकील किंवा राजपत्रित अधिकारी हवा होता. असा अधिकारी उस्तादाच्या ओळखीचा होता एकच, आणि तो आरटीओच्या चेकनाक्यावरचा. त्याचं नाव देणं दोघांच्याही हिताचं नव्हतं.

यानंतर पत्ता पडताळायला माणूस घरी येतो. मोटरसायकलवर, पाठीला सॅक, हातात मोबाईल. तो दाराचा फोटो काढतो, तुळशीवृंदावनाचा काढतो, आणि उस्तादाच्या बायकोला विचारतो, “घरी आहेत का?” “नाहीत.” “कधी येतील?” “माल उतरला की.” माणूस मोबाईलवर टिपतो : ‘उमेदवार पत्त्यावर आढळला नाही.’ नोकरी ट्रक चालवायची, आणि माणूस घरी सापडला नाही हा त्याच्यावर शेरा! सापडला असता तर खरं म्हणजे शंका घ्यायला हवी होती. मग तो शेजारी चौकशी करतो. शेजारी म्हणतो, “पोरगा चांगला आहे. फारसा दिसत नाही.” हे वाक्य त्याने कौतुकाने उच्चारलेलं असतं, पण अहवालात ते वेगळंच दिसतं. मोटरसायकल गल्लीबाहेर जायच्या आत बातमी पक्की होते की कंपनीचा माणूस चौकशीला आला होता, म्हणजे काहीतरी केलं असणार. दुसऱ्या दिवसापासून किराणावाला उधारीची वही जरा उशिरा उघडतो. खासगीपणाचा भंग म्हणजे काय, हे मला त्या किराणावाल्याच्या दुकानात जितकं कळलं तितकं मोठमोठ्या निकालपत्रांत कळलं नाही.

निकालपत्रं आहेत, नाही असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा हक्क ड्रायव्हरलाही आहे. फक्त त्याची झेरॉक्स मिळत नाही. बाकी सगळ्याची मिळते. आधार कार्डाच्या झेरॉक्सा तर उस्ताद गठ्ठ्याने बाळगतो : गोदामाच्या गेटवर एक, बंदरात शिरताना एक, सिमेंटच्या कारखान्यात एक, लॉजवर एक. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने जाहीर केलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोन दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. लोकांचा गैरसमज होईल म्हणे. त्या दोन दिवसांत एखाद्या ड्रायव्हरने गेटवरच्या वॉचमनला हे पत्रक दाखवलं असतं, तर वॉचमनने त्याचीच झेरॉक्स मागितली असती.

सरकारचंही या माहितीवर प्रेम आहे. गाड्यांची नोंद ‘वाहन’मध्ये आणि लायसनची ‘सारथी’मध्ये असते. जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत रस्ते वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं की या दोन साठ्यांतली माहिती ८७ खासगी कंपन्यांना खुली केली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. पुढच्या वर्षी ते धोरण गुंडाळलं गेलं, पण पैसे मिळाले ते मिळालेच. आता ज्याची माहिती त्याला भाड्याचा वाटा मिळावा, हा ट्रकच्या धंद्यातला साधा नियम आहे. दलालसुद्धा आपलं कमिशन कापून बाकीचं देतो. उस्तादाच्या लायसनवरच्या माहितीचा माल भरून गेला, आणि बिल्टी त्याच्या नावाने फाटलीच नाही.

यावर २०२३ साली कायदा आला, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींना तिथून पुढे दीड वर्षाची सवलत मिळाली. कायदा दमदार आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. मी हे शेठना वाचून दाखवलं. त्यांनी सगळ्या गाड्यांची किंमत मनात मिळवून पाहिली आणि निर्धास्त झाले. एवढा दंड आपल्याला लागणं शक्यच नाही, कारण एवढे आपल्याकडे नाहीतच. शिवाय याच कायद्यात नोकरीसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरायची मुभा आहे, आणि उदाहरण दिलंय औद्योगिक हेरगिरी रोखण्याचं. शेठना हे फार आवडलं. गेल्या महिन्यात टाकीतलं वीस लिटर डिझेल गायब झालं होतं, ती त्यांच्या मते हेरगिरीच. आणखी एक गंमत : ज्याची माहिती आहे, त्यालाही कायद्याने कर्तव्यं लावली आहेत. उगाच खोटी तक्रार केली तर दहा हजारांपर्यंत दंड त्यालाच. उस्तादाने पूर्ण कायद्यातली एवढीच रक्कम लक्षात ठेवली, कारण एवढीच त्याच्या आवाक्यातली होती.

कागदाचं एक वेळ सोसेल, पण आता कॅमेरा आला आहे. केबिनमध्ये, आरशाशेजारी, तोंड ड्रायव्हरकडे. जांभई दिली की टुंटुं. मान खाली गेली की टुंटुं. हेतू चांगला आहे, हे कबूल. चाळीस टनांचं धूड माझ्या छोट्या गाडीच्या मागे असेल तेव्हा त्याच्या चालकाचे डोळे उघडे असावेत अशी माझीही मनापासून इच्छा असते. त्याची नजर तपासा, लायसन खरं आहे का बघा, मागचे अपघात बघा. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनीच अनेकदा म्हटलंय की देशातली तीसेक टक्के लायसनं बनावट आहेत; तेव्हा ते बघणं आवश्यकच. पण केबिन हे नुसतं ऑफिस नाही. तिथेच उस्ताद झोपतो, बनियन बदलतो, घरी फोन करून पोरीला अभ्यासाबद्दल रागावतो, आणि नंतर जरा वेळ गप्प बसून राहतो. ते सगळं शेठच्या पुतण्याच्या मोबाईलवर. म्हणून रात्री गाडी उभी राहिली की पहिली लुंगी कॅमेऱ्यावर जाते. पुतण्याला पडद्यावर फक्त निळ्या चौकटी दिसतात. तो फोन करतो, “उस्ताद, कॅमेरा बंद आहे.” “बंद नाही, झोपलाय,” उस्ताद म्हणतो.

जीपीएसचं तसंच. गाडी वाटेत थांबली की ऑफिसात ठिपका लाल होतो आणि शेठ फोन करतात, “का थांबलास?” माणूस रस्त्याच्या कडेला ज्या कारणासाठी थांबतो, ते कारण मोठ्याने सांगायला लागणं हे कोणत्याही घटनेत बसत नाही. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाला, तेव्हापासून प्रत्येक नाक्याचा मेसेजही मालकाच्या मोबाईलवर. पूर्वी शेठाणी रात्री विचारायच्या, “गाडी कुठं आली?” आणि शेठ म्हणायचे, “येईल.” आता दोघं अंथरुणात पडून ठिपका बघतात.

हे सगळं पुढे कुठवर जाऊ शकतं ते पाहायचं असेल तर अमेरिकेकडे बघावं. तिथे ट्रक ड्रायव्हरला अर्जात मागच्या दहा वर्षांत कुणाकुणाकडे गाडी चालवली ते लिहावं लागतं. नव्या मालकाने मागच्या तीन वर्षांच्या मालकांकडे चौकशी करायची असा नियमच आहे. अपघात पाच वर्षांचे आणि रस्त्यावरच्या तपासण्या तीन वर्षांच्या, हे सरकारी नोंदीत एका क्लिकवर. दारू-ड्रगच्या चाचण्यांचं देशभराचं खातं जानेवारी २०२० पासून चालू. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ‘डॅक’ नावाचा खासगी अहवाल. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात सुरू झालेल्या या उद्योगात जुने मालक सोडून गेलेल्या ड्रायव्हरबद्दल शेरे नोंदवतात आणि नवे मालक ते विकत घेऊन वाचतात. ‘गाडी वाटेत सोडून गेला’ हा त्यातला सगळ्यात भयंकर शेरा. म्हणजे आपल्याकडचा पंपावर चावी देण्याचा राजीनामा तिथे जन्माला पुरतो. अहवाल मागवून बघायचा आणि त्याच्यावर हरकत घ्यायचा हक्क ड्रायव्हरला १९७० च्या कायद्याने आहे. मात्र त्याच कायद्यात इतर नोकऱ्यांसाठी चौकशीला लेखी संमती लागते, आणि टपालाने किंवा फोनवर अर्ज करणाऱ्या ट्रकवाल्याची तोंडी चालते. सही करायला हात मोकळा नसतो अशी समजूत असावी. आपल्या शेठचा आधीच्या मालकाला केलेला फोन आणि ‘डॅक’ यांत फरक एवढाच, की अमेरिकेत ‘एक नंबरचा चोर’ म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणारा कुणी उरलेला नाही.

खरी मजा पुढे आहे. आपल्याकडचे ट्रान्सपोर्टवाले सगळे एकच रडगाणं गातात की ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या उभ्या आहेत, हप्ते थकले. जुन्या ड्रायव्हरांची पोरं स्टिअरिंगला हात लावायला तयार नाहीत. आणि जो एखादा दारात येतो, त्याच्या पुढ्यात हा फॉर्म. लग्नाच्या बाजारातसुद्धा ज्याच्याकडे गरज जास्त, तो चौकशी जरा बेताने करतो.

इकडे ड्रायव्हरही चौकशी करतात, आणि ती कुठल्याही कंपनीच्या चौकशीहून पक्की असते. ठिकाण धाबा, वेळ रात्रीची, फी एक कटिंग. खाटेवर बसलेल्या चार ड्रायव्हरांना नुसतं शेठचं नाव सांगा. पगार किती तारखेला होतो, ठरलेल्या तारखेला होतो की तारीख ठरवायला आणखी एक तारीख पडते. टायर घासलेले आहेत का. विमा चालू आहे की नुसती पावती दाखवतात. चलान फाटलं तर कुणाच्या पगारातून. काटा चुकवून ओव्हरलोड भरतात का. अपघात झाला तर शेठ पोलीस ठाण्यात येतो की फोन बंद करतो. मागचा ड्रायव्हर का सोडून गेला, आणि तो आत्ता कुणाकडे आहे. सगळं दहा मिनिटांत, तोंडी, पुराव्यासकट. यात शेठची संमती घेतलेली नसते. पण तक्रार कुणाची नाही, कारण जे बाहेर येतं ते शेठचं खासगी नसतंच. ते ड्रायव्हरच्या पोटाचं असतं. पोरांची नावं विचारायची गरजच नाही, ती फाळक्यावर आहेत.

म्हणून तमाम ट्रान्सपोर्टवाल्या शेठ लोकांना हात जोडून विनंती आहे. फॉर्म ठेवा, लायसन तपासा, डोळे तपासा. शेजाऱ्याला विचारायचं तेवढं बंद करा आणि गाडी उभी असताना कॅमेराही बंद राहू द्या. आणि त्या फॉर्मची मागची बाजू कोरी असते, तिथे तुमची माहिती छापा : पगाराची तारीख, टायरचं वय, विम्याची मुदत, कामाचे तास (१९६१ सालीच कायद्याने दिवसाचे आठ ठरवले होते, छापायला सोपे आहेत), आणि मागच्या तीन ड्रायव्हरांचे फोन नंबर. खाली सही तुमची. झेरॉक्सचे पैसे ड्रायव्हर देईल, त्याला सवय आहे.